आबांचं व्हय व्हय

काटेवाडी,
दि. ६ जानेवारी २०२६

ती. स्व. प्रयागआत्यास,
ऋषिराजचा शि. सा. न. वि. वि.

माझं आयुष्य नेमकं कुठं फिरलं असं कुणी विचारलं, तर मी जागा दाखवू शकतो. विहिरीच्या वरच्या अंगाचा ऊस. आबा सरीत वाकून पाइपाला रबर गुंडाळत होते, शेजारच्या रानात ट्रॅक्टर घरघरत होता, आणि मी एका दमात सांगून टाकलं की आबा, मला श्रिया पाहिजे. आबांनी मान वर न करता म्हटलं, 'व्हय व्हय, आणू की.' तोवर मी घरातला रिकामा पोरगा होतो. बांधावर आलो तो नवरदेव होऊन आलो.

त्याच पावसाळ्यात आबा गेले. त्याला आता दीड वर्ष झालं, हे त्यांच्याच लेकीला मी काय सांगू.

फोन करायचा सोडून पत्र का, म्हणशील. फोन कालव्यात आहे. श्रिया ऑनलाइन दिसत होती आणि उत्तर देत नव्हती, मी पुलावर उभा होतो, डोकं फिरलं, झालं. नंतर कळलं, फोन तिच्या आईकडं होता, वांग्याच्या भाजीचा व्हिडिओ बघायला. वडील म्हणाले, आता नवा फोन सासऱ्याकडूनच घे. वडिलांच्या फोनवरून बोलावं, तर तू पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलतेस की पळसदेवात मासळीचा भाव काय चाललाय ते आमच्या गोठ्यात कळतं. हे खाजगी आहे. म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की सोयरीक जमली. श्रियाचे वडील रमाकांत सर इंदापूरला शाळेत मराठी शिकवतात. जन्म सगळा शहरातला, ऊस त्यांनी फक्त रसवंतीत पाहिलाय. मी मागणी घालायला गेलो तेव्हा विचारलं, करता काय? मी सांगितलं, शेती. शिक्षण? मी सांगितलं, निम्मं. मंदाकिनीकाकूंनी, म्हणजे श्रियाच्या आईनं, माझ्यापुढचा कप तेवढ्यातच उचलून नेला. त्यात चहा होता अजून. मग मी आबा त्या दिवशी जे जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. आत्या, सरांचे डोळे भरले. म्हणाले, ज्या घरातला वडीलधारा येणाऱ्या सुनेबद्दल असं बोलतो, तिथं मुलगी डोळे झाकून द्यावी. पण बजावून सांगितलं, की हा होकार तुझ्या आबांच्या शब्दावर आहे, तुझ्या नाही.

आता साखरपुड्यात सर स्वतः आबांच्या आयुष्यावर चार शब्द बोलणार आहेत आणि माहिती माझ्याकडं मागतायत. मी काय सांगू? आम्ही उठायच्या आधी आबा रानात आणि आम्ही जेवल्यावर घरात. मला ते कायम पाठमोरेच आठवतात. तू थोरली लेक. तुला त्यांचं तोंड दिसलं असेल. लिहून पाठव.

आत्याची माया आटू नये एवढंच मागतो.
तुझा,
ऋषिराज


पळसदेव,
दि. १२ जानेवारी २०२६

चि. ऋषिराज यास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचं हाय, त्यानं लांबूनच दिलं. बाळा, कॉलेजातनं तू निगालास, फोन कालव्यात गेला, आता लगीन तेवढं नीट धरून ठेव.

आबांचं म्हनशील तर हाताला रिकामपन म्हायीत नव्हतं त्यांना. आमच्या लहानपनी गुऱ्हाळावर कामाला हुते. इंजिनाला डावा कान लावूनच उभं ऱ्हायचे म्हन, म्हंजे इंजिनाचं दुखनं कळतं. इंजिन सुधारलं, कान गेला. मग सोताचा ऊस केला, गाया केल्या, तुज्या बापाला आन् मला वाढवलं.

एकदा तुजी आज्जी, आमची आई चंद्राबाई, गोठ्यात घसरून पडली. हात मोडला. तवा आबांनी चूल धरली. भाकरी अशी करायचे की गुळाची ढेप बरी. एक भाकरी कुत्र्याला घातली, त्यानं ती न खाता उकिरड्यात पुरून ठिवली. खरं तसलीच भाकरी सोता खायचे आन् आमाला शेजारनीकडनं मऊ आनायचे. आईला मातूर सांगायचे, पोरास्नी माजीच आवडती.

माजी येनीबी तेच घालायचे. त्यांना येनीची गाठ कुठली ठावं? दाव्याला मारत्यात ती गाठ मारली. शाळेत बाईंनी सोडवाया घेतली, सुटना. हेडमास्तर आले, सुटना. शेवटाला कात्री. बाई म्हनल्या, पोरगी कुटं पळून जात न्हाय बग आता.

लगीन होऊन मी हितं आले तसं आबा म्हयन्या-दीड म्हयन्यानं दारात हजर. इचारलं की ठरलेलं, इंदापूरला तहसीलीत काम हुतं, वाटंवर हाय म्हून डोकावलो. आन् आले की बसायचं नाव न्हाय. गोठ्याचा पत्रा ठोक, इळ्यांना धार लाव, आन् च्या पिऊन माघारी. माझे सासरे लई वरसं मला इचारायचे, तुज्या बापाचा दावा निकाली कवा निगनार? अरं, तहसीलीत आबांचा कागुदसुद्धा नव्हता. तहसीलीचं दार कुटल्या बाजूला हाय हे त्यांना सांगता आलं नसतं.

हे लिव्हलं तेवढं सरांना सांग. कुत्र्याचं सांगू नगंस.

आता माजं एक. आबा सुनंबद्दल बोलले म्हनतोस. काय बोलले? आमाला तर सगळ्या जल्मात 'जेवलीस का' ह्याच्याम्होरं एक शब्द बोलले न्हायत. जसंच्या तसं लिव्ह. आन् तू कुटल्या कानाकडं उबा हुतास तेबी कळव.

सुखी ऱ्हा, डोकं थंड ठिव.
तुजी,
प्रयागआत्या


काटेवाडी,
दि. १७ जानेवारी २०२६

ती. स्व. आत्यास,
ऋषिराजचा शि. सा. न. वि. वि.

कानाचं काय काढलंस? डावीकडं उभा होतो, कारण उजवीकडं चिखल होता. पण त्यांना सगळं ऐकू गेलं, इतकं बोलले. शब्द न् शब्द पाठ आहे माझा.

'व्हय व्हय, आणू की. पाऊस लागायच्या आत आणू, मागनं मिळत न्हाय.' म्हणजे चांगलं स्थळ थांबत नाही.

'पर एकच. दोन काय करायच्यात?' इथं माझी फिरकी घेतली. कॉलेजात श्रियाच्या आधी एक होती, ते आबांना कसं कळलं देव जाणे.

'घरात कोरड्या जागी ठेवायचं. ओल लागू द्यायची न्हाय. ओल लागली की दगुड हुतो.' आत्या, ह्याच्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. बाईमाणसाच्या डोळ्याला ओल लागली, की घराचा दगड होतो!

'आन् लई केलं की नुसता पाला माजतो, गोडी उतरत न्हाय.' प्रेमाचा देखावा नको, असं.

आणि एवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः बारामतीला जाऊन एक गोणी घेऊन आले, माझ्यापुढं टाकली आणि म्हणाले, 'आनलं. आता तुजं तू बघ.' संसार करायचा तर आधी राबायला लाग, हे किती सूचक सांगितलं! मी भारावून गेलो. गोणी तिथंच राहिली.

घरी मी एवढंच सांगितलंय की आबा हो म्हणाले. बाकी मनात जपून ठेवलंय.

भाकरीचं आणि वेणीचं वाचून हसलो. तहसीलीचं वाचून गोठ्यात जाऊन बसलो थोडा वेळ.

आत्याच्या सावलीतला,
ऋषिराज


पळसदेव,
दि. २२ जानेवारी २०२६

चि. ऋषिराज यास,
आत्याचे अ. उ. आ.

गाढवा, युरिया!

तू म्हनलास श्रिया, आबांनी ऐकला युरिया. डाव्या कानानं त्यांचं सगळं असंच चालायचं. एकदा पाव्हना उटून म्हनला, येतो आता. आबांनी ऐकलं, जेवतो आता. पुन्यांदा ताट वाडून पुढं बसवला बिचाऱ्याला. दोन घरचं जेवान झालेला मानूस, त्यो गपगुमान जेवला. नीट ऐकू आलं तर आबा एकदाच 'व्हय' म्हनायचे. दोनदा म्हनले की समजायचं, कानात काय पोचलं त्येचा भरवसा न्हाय. हे आमच्या घरातल्या मांजराला ठावं हुतं.

वाच जरा परत. पावसाच्या आत आनायचं, मागनं मिळत न्हाय. एक गोनी पुरं. कोरड्या जागी ठेवायचं, ओल लागली की दगुड. लई टाकला की उसाचा पाला माजतो, साखर उतरत न्हाय. ह्यात पोरगी कुटं हाय रं? 'दगुड हुतो' म्हनले. पोरीला 'हुतो' कोन म्हनतं? उसात पाय ठिवला असतास तर तितंच कळलं असतं.

आन् मला कसं कळलं म्हनशील. तवाच आबा हितं आले हुते, तहसीलीच्या कामाला! पत्र्यावर चडून खिळं ठोकत ठोकत मला म्हनले, ऋष्या सुदारला. सोताहून युरिया मागितला. मी खालनं शिडी धरून हुते. ते काय हसनारं मानूस नव्हतं, पर त्या दिशी तोंडातला खिळा हसताना खाली पडला. लगोलग बारामतीला जाऊन गोनी आनली म्हनले, उशीर केला तर पोराचं मन बदलायचं.

मला काय ठावं तू श्रिया मागितली हुतीस.

आता झालं ते झालं. मला इचारशील तर गप बस. सोयरीक चांगली हाय, सरांनाबी समाधान हाय. आबा न्हायती सांगाया येत.

डोक्यात राग घालू नगंस.
तुजी,
प्रयागआत्या


इंदापूर,
दि. २४ जानेवारी २०२६

श्री. भीमराव यांस,
रमाकांतचा स. न. वि. वि.

चि. ऋषिराजच्या साखरपुड्याची तयारी आपणाकडे सुरू असेलच. आमच्याकडे सौ. मंदाकिनीने चिवड्यापासून आरंभ केला आहे.

पत्रास कारण की, लग्नपत्रिकेच्या मुखपृष्ठावर आपले वडील कै. दत्तोबा यांचे वचन छापावे असे मी ठरविले आहे. ते असे: 'घरात कोरड्या जागी ठेवावे. ओल लागू देऊ नये. ओल लागली की दगड होतो. अति केल्यास नुसता पाला माजतो, गोडी उतरत नाही.' खाली त्यांचे नाव. किती साधे शब्द आणि केवढा आशय! येथे 'कोरडी जागा' म्हणजे अश्रूंचा स्पर्श नसलेले गृह, आणि 'पाला' हे पोकळ प्रदर्शनाचे प्रतीक, हे आपणांस सांगणे न लगे.

मी हे वचन नववीच्या वर्गात फळ्यावर लिहून दाखविले. मुलांनी उत्स्फूर्त दाद दिली. मागच्या बाकावरील शेतकऱ्यांच्या मुलांना तर हसू आवरेना. निखळ आनंद असाही प्रकट होतो.

मजकूर छापखान्यात दिला आहे, शनिवारी छपाई. आपल्या कारखान्याच्या सभासदांसाठी जास्त प्रती काढाव्यात काय, ते कळवावे.

स्नेहाचे पाणी असेच खेळते राहो.
आपला,
रमाकांत


काटेवाडी,
दि. १ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. आत्यास,
ऋषिराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं गप बस म्हणणं मी पाळलं. सरांचं पत्र येईपर्यंत पाळलं.

वडिलांनी ते पत्र काल शनिवारी सकाळी ओट्यावर मोठ्यानं वाचलं. 'पाला माजतो' पाशी थांबले. मागं गेले, परत वाचलं. मला विचारलं, हे युरियाचं पत्रिकेवर कसं काय? मी सगळं सांगितलं. ते हसत हसत गव्हाणीत बसले. गाय बाजूला झाली, त्यांना जागा दिली. मग डोळे पुसून म्हणाले, असू दे, लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील, सोयरीक मोडू नको.

मी उठून गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो. ती गोणी तिथंच होती, पाण्याच्या हौदाला टेकून. बुक्की मारून बघितली. दगड झालाय आत्या. हात अजून सुजलेला आहे. आबा ही गोणी एसटीतून आणताना काय काय मनात आणत आले असतील, ते आता मला कळतंय. आणि मी तिच्यावर ओले कपडे वाळत घालत होतो.

मग माझं डोकं फिरलंच. माझ्यावर हसू देत, मला सवय आहे. पण उद्या ती पत्रिका प्रत्येक खताच्या दुकानात भिंतीला चिकटणार, सोसायटीत माणसं एकमेकाला वाचून दाखवणार, आणि जो माणूस आयुष्यात कुणाच्या दारात निवांत बसला नाही, त्याची आठवण 'दत्तोबाचा युरिया' अशी राहणार. गाडी काढली आणि इंदापूर गाठलं.

सरांना उभ्या उभ्याच सांगितलं. श्रिया, युरिया, डावा कान, सगळं. सर फळ्याकडं वळावं तसे भिंतीकडं वळले. मग विचारलं, म्हणजे तुझ्या आबांनी हो म्हटलंच नाही? मी म्हटलं, म्हटलं, पण खताला. सर म्हणाले, मी होकार त्या शब्दावर दिला होता. शब्द नाही, तर होकारही नाही.

मी जायला वळलो.

मग सरच जरा खाली उतरले. म्हणाले, वाक्य मात्र उत्तम आहे, बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ह्याच्याशी वाचणाऱ्याला काय करायचंय? तू गप्प राहा, मी गप्प राहतो, पत्रिका निघू दे, लग्नही होऊ दे. मी म्हटलं, सर, इकडं बारामती, तिकडं इंदापूर, तुमचे सगळे वाचणारे ऊस लावतात. ती पत्रिका निघणार असेल, तर लग्न नको. हे माझ्याच तोंडातून निघालं आणि मीच दचकून मागं बघितलं, की कोण बोललं.

सर चिडले. मग तुमचे आबा बायकांविषयी चांगलं असं बोलले तरी काय, म्हणाले. मी म्हटलं, काहीच नाही. आणि तू लिहिलेलं सांगत सुटलो. भाकरी, दाव्याची गाठ, तुझ्या गोठ्याचा पत्रा, तहसील. कुत्र्याचंही सांगितलं, माफ कर. तुझे सासरे दाव्याचं विचारायचे तिथपर्यंत आलो, तोवर मंदाकिनीकाकू चहा घेऊन बाहेर आल्या होत्या, त्या खुर्चीवर टेकल्या. म्हणाल्या, आमचे बाबा एकदा तरी असं खोटं बोलून आले असते, तर बरं झालं असतं. कप ह्या वेळी माझ्या हातात दिला.

श्रिया दाराआड होती. युरिया ऐकल्यापासून तिनं ओढणी तोंडात कोंबली होती, ती आता निघाली. बाहेर येऊन वडिलांना म्हणाली, पप्पा, द्यायचं तर ह्याच घरी द्या, नाहीतर मला गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, ती आधीची कोण होती ते आपण नंतर बघू.

सरांनी मास्तरी आव काही सोडला नाही. म्हणाले, आता होकार तुझ्या नावावर मांडतोय, आबांच्या नाही, नापास झालास तर फेरपरीक्षा नाही. छापखान्याला फोन लावला, कुणी उचलेना. मला म्हणाले, बघत काय राहिलास, यंत्र सुरू व्हायच्या आत जाऊन थांबव. वचनाच्या जागी काय घालायचं, विचारलं. मी म्हटलं, कै. दत्तोबा, शेतकरी. त्यांनी ते वहीच्या पानावर लिहून फाडून दिलं. यंत्र सुरू व्हायच्या आत पोचलो.

साखरपुड्याला दोन दिवस आधी ये. येताना काय सबब सांगायची ती सांग, आम्ही विचारणार नाही.

असाच जीव लावत राहा.
तुझा,
ऋषिराज

ता. क. एक राहिलं. मी चपला घालत होतो तेव्हा आत कुणीतरी खुसखुसलं. मला वाटलं काकू. पण ते सर होते. आधी नाकातून, मग छातीतून, मग मांडीवर थाप मारून, 'नववीच्या वर्गात लिहिलं गं मी!' असं म्हणत ते जे हसायला लागले, की काकू आणि श्रियाही त्यात मिसळल्या. गल्लीत शेजारचे दोघं थांबून आमच्याकडं बघायला लागले. आबांवर हसायचं ते घरातल्यांनी, गल्लीनं नाही. मी बाहेर आलो आणि दार घट्ट ओढून घेतलं.